रक्त दोघांचं

माझ्या सासऱ्यांचं नाव केरू. सुनेनं सासऱ्याचं नाव घेऊ नये असा आमच्याकडचा रिवाज, पण त्या नावावाचून हा विषय मला सुरूच करता येत नाही. त्यांच्याआधी त्यांच्या आईची कूस तीन-चारदा रिकामी झाली होती. हा मुलगा जिवंत जन्मला, तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घालून उकिरड्याशी नेलं आणि केरात लोळवलं. शेजारच्या म्हातारीनं "हे कुणाचं टाकलेलं पोर गं?" म्हणत उचललं, आणि आईनं ते तिच्याकडून पायलीभर बाजरी मोजून विकत घेतलं. टाकून दिलेल्या, विकत आणलेल्या पोरावर कुणाची नजर पडत नाही, असा त्यामागचा विचार.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर मी आरोग्यसेविका होते. लोक नर्सबाईच म्हणत. पात्र जोडप्यांची नोंदवही भरायला घरोघर फिरताना म्हाताऱ्या माणसांची नावं कानावर पडत: केरू, कचरू, धोंडू, दगडू, भिका, उकिर्डा, नथू. नथू म्हणजे मुलगा असून नाक टोचून नथ घातलेला, मुलगी समजून काळानं सोडून द्यावा म्हणून. भिका म्हणजे चार घरी मागून आणलेल्या धान्यावर, चिंध्यांवर वाढवलेला. जी बाळं जन्मलीच नाहीत किंवा जन्मून राहिली नाहीत, त्यांची नोंद तलाठ्याकडे नव्हती, शाळेत नव्हती आणि देवाच्या दारच्या भटजीकडेही नव्हती. ती मागून जगलेल्या भावंडाच्या नावात तेवढी उरली. चाळिसेक वर्षांमागे एकेका वाडीत अशी दहा-बारा नावं सहज निघत. आता नातवंडं आर्यन आणि स्वरा आहेत.

ही नोंद मात्र फार सरमिसळीची. "मूल टिकत नाही" या एका वाक्यात सगळंच यायचं. तिसऱ्या महिन्यात अंगावरून जाऊन पडलेला गर्भ, सातव्या महिन्यात थांबलेलं पोट, पाचवीच्या आतबाहेर धनुर्वातानं ताठून गेलेलं बाळ, हगवणीनं गेलेलं वर्षाचं पोर. विळ्यानं नाळ कापून वर राख नाहीतर शेण लावायचे त्या काळात धनुर्वात इतका नेहमीचा होता, की सटवाई पाचवीच्या रात्री येऊन कपाळी लिहिते आणि कधी कधी घेऊनही जाते, याचं कुणाला नवल वाटत नसे. मग गरोदर बायांना धनुर्वाताची इंजेक्शनं आली, १९८५ पासून लसीकरणाची मोठी मोहीम आली, नवं ब्लेड आणि उकळलेला दोरा आला. बाळं जगायला लागली. त्यानंतरच माझ्यासारखीला दिसायला लागलं, की काही घरांत सुधारणा अशी होतच नाही. बाई धडधाकट, खाऊनपिऊन बरी. इंजेक्शनं घेतलेली, गोळ्या खाल्लेल्या. तरी आठव्या-दहाव्या आठवड्यात पोट पडतंच. एकदा, दोनदा, तीनदा. पाण्याची पातळी उतरली की तळातला खडक दिसतो, तशी ही जोडपी दिसायला लागली. त्याआधीही ती होतीच, फक्त बाकीच्या मरणांत बुडालेली.

या मुलखात मूल मागायला देवांची कमी कधीच नव्हती. शिवनेरीवर कड्यात कोरलेल्या गुहेत शिवाई आहे. १९ फेब्रुवारी १६३० ला गडावर जन्मलेल्या मुलाचं नाव तिच्यावरूनच ठेवलं, आणि जिजाबाईंची आधीची काही मुलं लहानपणीच गेली होती, अशी आमच्याकडची सांगी आहे. कुकडीपलीकडे लेण्याद्री. तिथल्या बौद्ध लेण्यांपैकी सातव्या क्रमांकाच्या विहारात गिरिजात्मज बसतो. मुलासाठी पार्वतीनं इथे बारा वर्षं तप केलं आणि अंगाच्या मळाची मूर्ती करून तिच्यात जीव आणला, अशी कथा. ज्या विहारात भिक्षू संसार सोडून राहायला आले, तिथेच अठराशे वर्षांनी बायका संसार भरायला म्हणून तीनशेच्या आसपास पायऱ्या चढतात, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. ओढ्याकाठी, विहिरीच्या कडेला शेंदूर फासलेल्या सात दगडांच्या आसरा. त्यांच्या वाटेनं पोटुशीनं भर दुपारी जायचं नाही. गेली आणि पोट पडलं तर आसरांनी धरलं म्हणायचं, मग हिरवा खण, बांगड्या, दहीभात. पश्चिमेकडे भीमाशंकरच्या रानात, महादेव कोळ्यांच्या वाड्यांत भगत तांदूळ टाकून सांगे कुणाची बाधा आहे ते.

मी या देवांची चेष्टा करणारी नव्हे. लेण्याद्रीला मीही गेलेली आहे. पण इतकी वर्षं हे सगळं बघताना एक गोष्ट खटकत राहिली. उपास बाईनं करायचा, ओटी बाईची भरायची, गंडा बाईच्या दंडाला, अंगारा बाईच्या कपाळाला. नदीवर गेलीस का, केस मोकळे सोडलेस का, कुणाचं उष्टं खाल्लंस का, हे प्रश्नही तिलाच. नवरा पायऱ्या चढे तो सोबत म्हणून.

मग सवत यायची. याकडे मी आता निराळ्या नजरेनं बघते, कारण तो नकळत केलेला प्रयोगच होता. दोष पहिलीच्या बीजात असला तर दुसरीला मुलं होत, आणि पहिलीचं वांझपण गावापुढे सिद्ध होई. तो नवऱ्याच्या बीजात असला तर दुसरीचीही पोटं पडत. तेव्हा तरी गाव नवऱ्याकडे बोट दाखवील असं कुणाला वाटेल. छे. तेव्हा घराण्याला शाप निघे, पितरांचा दोष निघे, त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी होई. मेलेला चुलतआजोबा दोषी ठरे, पण समोर बसलेला जिवंत माणूस नाही. मी एका घरात दोन सवती एकाच ओसरीवर बसून शेंगा फोडताना पाहिल्या आहेत. दोघींच्या मिळून सात-आठ खेपा वाया गेलेल्या. थोरलीनं मला हळूच विचारलं होतं, "नर्सबाई, दोघींनाबी एकच बाधा कशी लागल?" तिचा प्रश्न शास्त्राचाच होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उत्तर मात्र तोवर जगात होतं, आणि त्याचे धागेदोरे आमच्याच बांधावरच्या वस्तूंत होते. ओतूर-नारायणगाव कांद्याचा मुलूख. स्वीडनमधल्या लुंड गावचे आल्बर्ट लेवान यांनी १९३८ मध्ये कांद्याच्या मुळ्यांवर कोल्चिसिन या विषाचा प्रयोग केला. ते विष पेशीचं विभाजन मध्येच अडवून धरतं. नेमक्या त्याच वेळी गुणसूत्रं जाड, आखूड आणि सुटी दिसतात, म्हणून ती मोजता येतात. हेच कोल्चिसिन आमच्या कळलावीच्या कंदात असतं. पावसाळ्यात आंबेगावच्या पश्चिम भागात कुंपणांवर लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुलते ती. बाळंतपण अडलं की सुईणी तिचा कंद उगाळून बाईच्या तळपायाला, ओटीपोटाला लावत. पोटात गेला तर माणूस मरतो, हेही त्यांना ठाऊक होतं. जी वनस्पती गर्भाच्या कामी आमच्या सुईणींनी शेकडो वर्षं वापरली, तिच्यातल्याच रसायनानं पुढे पडलेल्या गर्भाचं कारण शोधलं, हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं, आणि त्या दिवशी मी बराच वेळ दुसरं काही वाचलं नाही.

माणसाची गुणसूत्रं ४८ असतात असं १९२०च्या दशकापासून पुस्तकांत छापलेलं होतं. लेवान आणि त्यांचे सहकारी जो हिन त्जियो यांनी डिसेंबर १९५५ मध्ये ती मोजली आणि ४६ भरली. पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झालं. मोजलेल्या पेशी होत्या गर्भपातातून मिळालेल्या भ्रूणांच्या फुप्फुसातल्या. १९५९ मध्ये पॅरिसमध्ये लजून यांनी दाखवलं, की २१ नंबरचं एक गुणसूत्र जास्त असलं की डाउन सिंड्रोम होतो. मग फिलाडेल्फियाच्या पीटर नोवेल यांना १९६० मध्ये आढळलं, की राजम्यातून काढलेल्या एका अर्कानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी बाटलीत वाढू लागतात. आपली फरसबी आणि राजमा एकाच जातीचे. त्यापुढे कुणाचीही गुणसूत्रं बघायला नुसतं दंडातलं थोडं रक्त पुरेसं झालं. रक्त तीन दिवस वाढवायचं, कोल्चिसिननं किंवा त्याच्या भावंडानं अडवायचं, काचेवर पसरायचं, रंगवायचं. १९७० नंतर पट्टे उमटवायची रीत आली आणि कुठला तुकडा कुठून कुठे गेला तेही दिसायला लागलं.

पॅरिसच्याच जोएल आणि आंद्रे बुए या दांपत्यानं आपोआप पडलेले सुमारे दीड हजार गर्भ तपासून १९७५ मध्ये सांगितलं, की त्यांतल्या साठ टक्क्यांच्या आसपास गर्भांत गुणसूत्रांचा बिघाड होता. म्हणजे आसरा नाहीत, उष्टं नाही, कडक उन्हात केलेली खुरपणी नाही. ही एक गोष्ट मला नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणी सांगितली असती तर किती बायांच्या डोक्यावरचं ओझं मी उतरवलं असतं. बरं, यातले बहुतेक बिघाड त्या एका खेपेपुरतेच असतात. आईबापांची गुणसूत्रं नीट असतात, बीज तयार होताना चूक होते, आईचं वय वाढेल तशी जास्त होते. पुढची खेप बहुधा नीट जाते.

पण पुन्हा पुन्हा पोट पडणाऱ्या शंभर जोडप्यांपैकी दोन ते पाच जोडप्यांत मूळ एकाच्या अंगात असतं. त्याच्या किंवा तिच्या दोन गुणसूत्रांनी आपापला तुकडा एकमेकांना दिलेला असतो. माल सगळा शाबूत, म्हणून माणूस ठणठणीत. खेडोपाडी हे समजावताना मी दोन भावांची गोष्ट सांगायची. सोयीसाठी दोघांनी रानाचे तुकडे अदलाबदल केले, तर जमीन तेवढीच राहते. तंटा वारसांच्या वेळी उभा राहतो: एका वारसाच्या वाट्याला एक तुकडा दोनदा येतो आणि दुसरा येतच नाही. गर्भाच्या वाट्याला असा कमीजास्त वाटा आला की तो बहुतेकदा टिकत नाही. नीट वाटा आला तर टिकतो, आणि कधी आईबापासारखाच अदलाबदल केलेला पण पुरा वाटा येतो, तेव्हा तर बाळ ठणठणीतच. दुसरा एक प्रकार असतो त्यात दोन गुणसूत्रं चिकटून एक झालेली असतात. एकूण मोजली तर ४५ भरतात. हा प्रकार रॉबर्टसन नावाच्या माणसानं १९१६ मध्ये नाकतोड्यांत पाहिला म्हणून त्याला त्याचंच नाव आहे. माणसांत बहुतेकदा १३ आणि १४ नंबरची जोडी अशी चिकटते.

डॉक्टर पहिल्यांदा विचारायचे, नात्यातलं लग्न आहे का. इरावती कर्व्यांनी लिहून ठेवलंय तशी मामाची मुलगी करण्याची चाल आमच्याकडे आहेच. पण तिचा संबंध दुसऱ्या आजारांशी जास्त. या अदलाबदलीला नातं लागत नाही. साधारण पाचशे माणसांत एकजण ती घेऊन हिंडत असतो, मंचरच्या बाजारातही आणि मुंबईच्या लोकलमध्येही.

गुणसूत्रं बघायची ही रीत पसरत होती त्या काळात महाराष्ट्रात एक विचित्र गोष्ट झाली. गर्भजल काढून गर्भाची गुणसूत्रं तपासायची सोय १९७५ च्या सुमारास दिल्लीला आली. ती अशाच जोडप्यांच्या कामाची होती. पण त्याच तपासणीत मुलगा की मुलगी हेही दिसतं, आणि ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या दवाखान्यांत ती त्याच कामाला लागली. कार्यकर्त्यांनी झगडून १९८८ मध्ये राज्यात त्याविरुद्ध कायदा करवून घेतला. देशात असा पहिलाच. मग १९९४ चा केंद्राचा कायदा आला. त्याच्या कडकपणाबद्दल आम्हाला कार्यशाळांतून पुष्कळ सांगितलं गेलं, पण त्याच्या चौथ्या कलमात कुणाला ही तपासणी करता येईल याची यादी आहे, ती फारशी कुणी वाचून दाखवली नाही. पस्तिशीपुढची गरोदर बाई, आणि दोन किंवा अधिक वेळा आपोआप गर्भपात झालेली बाई. माझ्या नोंदवहीतल्या बाया सरकारी कागदावर अशा एका वाक्यात आल्या. डॉक्टर लोक तेव्हा तीन पोटं पडेपर्यंत थांबा म्हणत. युरोपातल्या तज्ज्ञांनी व्याख्या दोनवर आणली ती २०१७ मध्ये.

नव्वदीच्या शेवटी जुन्नरच्या पूर्व भागातलं एक कांदेवालं जोडपं मी पुण्याला घेऊन गेले. गाव सांगत नाही. तिची तीन पोटं पडलेली, तिन्ही दहाव्या आठवड्याच्या आत. सासूनं लेण्याद्रीच्या चतुर्थ्या धरलेल्या. चिठ्ठीवर दोघांचं रक्त असं लिहिलं होतं. नवरा अडून बसला.

"आवं बाई, पोट तिचं पडतंय. माझं रगात कशाला?"

"बाळ एकटीचं होतं का?"

तो गप्प बसला, पण आला तो माझ्या बोलण्यानं नाही. त्याची आई मधे पडली. "जा की रं. घोटभर रगात देऊन मरतोस का?" म्हणाली. लोक सासवांबद्दल काय काय लिहितात, मी मात्र ही सासू विसरत नाही. पहाटेच्या एसटीनं गेलो. नळीला हिरवं बूच, आत रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन. तीन-चार आठवड्यांनी कागद आला. बायकोची गुणसूत्रं नीट. अदलाबदल नवऱ्याच्या अंगात.

त्यानं कागद घडी करून बंडीच्या खिशात ठेवला आणि नारायणगाव येईपर्यंत एक शब्द बोलला नाही. उतरताना बायकोला एवढंच म्हणाला, "आता कुणी काय बोललं तर मला सांग." मी पुष्कळ घरांत याच्या उलटही पाहिलं आहे. कागद फाडून टाकणारेही भेटले. आणि खरं सांगायचं तर ही अदलाबदल बाईकडे सापडण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा जास्तच आहे. तेव्हा हा कागद म्हणजे बायांच्या बाजूचा साक्षीदार, असा कुणी अर्थ काढू नये. पण शिवाईपासून आसरांपर्यंतच्या सगळ्या उपायांत पुरुषाला बाही वर करायला सांगणारा हा पहिलाच.

पुढे तिचं आणखी एक पोट पडलं. त्यानंतरचं टिकलं. सोळाव्या-सतराव्या आठवड्यात गर्भजल तपासलं, लेखी संमती घेऊन, कायद्याप्रमाणे मुलगा-मुलगी न सांगता. सगळं नीट निघालं. बाळ महिन्याचं झाल्यावर सासूनं लेण्याद्रीला पेढे नेले आणि मलाही आणून दिले. देवानं दिलं म्हणाली.

तिला मी खोडून काढलं नाही, आणि त्याला कारण आहे. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००६ मध्ये अशा जोडप्यांचा मोठा अभ्यास छापला. ज्यांच्या अंगात अदलाबदल होती त्यांची पोटं जास्त पडली हे खरं, पण अखेरीस निदान एक निरोगी मूल झालेली जोडपी त्यांच्यात शेकडा ८३ होती आणि अदलाबदल नसलेल्यांत ८४. म्हणजे धीर धरणाऱ्या बहुतेकांच्या घरी पाळणा हलतोच. आता हा आकडा घेऊन मागं बघा. तीन-चार पोटं पडल्यावर नवस बोलायचा, आणखी दोन वर्षं वाट बघायची, आणि पाचव्या-सहाव्या खेपेला मूल. नवस फळला! केरात लोळवलेलं पोर जगलं, कारण ते केरात लोळवलं! शेकडा ऐंशीच्या वर ज्याचे नवस फळतात तो देव जागृत का ठरणार नाही? नवस न फळलेली बाई मात्र पायऱ्या उतरून घरी गेली की तिची गोष्ट कुणी सांगत नाही. देवाचं सोडा, हल्ली पुण्यातली काही केंद्रंही याच हिशोबावर फलक लावतात. नळीत गर्भ करून, त्यांची गुणसूत्रं तपासून मग आत ठेवायचे. त्याला पैसा फार लागतो, आणि नुसतं वाट बघण्यापेक्षा त्यानं घरी मूल येण्याचं प्रमाण किती वाढतं, याबद्दल तज्ज्ञांचंच अजून एकमत नाही. मी कुणाला जाऊ नका म्हणत नाही. जमीन विकून जाऊ नका, एवढं म्हणते.

नव्या सल्ल्याप्रमाणे दर जोडप्याचं रक्त काढायची घाई करत नाहीत. आधी पडलेला गर्भच तपासायचा, त्यात काही निघालं तर आईबापांकडे वळायचं. त्यासाठी तो तुकडा फॉर्मालिनमध्ये न टाकता निर्जंतुक सलाइनमध्ये ठेवून लवकर पोचवावा लागतो. इथे नवी अडचण. आमच्याकडे पडलेलं परसात पुरायची रीत आहे, आणि ते बाटलीत घालून पुण्याला पाठवणं घरच्यांच्या जिवावर येतं. निवृत्त झाले तरी गावातल्या आशाताई मला विचारायला येतात. मी सांगते, सगळं न्यावं लागत नाही, नखाएवढा तुकडा पुरतो, बाकीचं तुमच्या रीतीनं पुरा. सासवा याला लवकर तयार होतात. गेल्या पावसाळ्यात एका आशाताईनं विचारलं, "आणि बाई, नवऱ्याला काय सांगू? तो म्हणतो माझं काम काय?"

बाटली धरून गाडीत बस म्हणावं त्याला, मी म्हटलं, आणि सदरा अर्ध्या बाह्यांचा घाल.